खांबावरचा शनिवार

आमच्या साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर टेलिफोनचा पहिला खांब होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या खांबावर एक माणूस बसलेला असायचा. सकाळी आठच्या सुमारास तो चढायचा, कमरेचा पट्टा खांबाभोवती अडकवायचा आणि कानाला तपासणीचा फोन लावून समोरच्या उसाकडे बघत राहायचा. उसाच्या लॉऱ्या खालून जायच्या. एखादा ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारायचा, "कि पोझिस्यों, तोंतों?" म्हणजे, काय काका, कसं काय? वरून नुसता हात हलायचा. खाली उतरल्यावर कोणी छेडलंच तर ते म्हणायचे, "लाईन बघत होतो." दर महिन्याला त्याच खांबावर त्याच दिवशी काय बघायचं असतं, हे कोणी विचारलं नाही. विक्षिप्त म्हणून एकदा नाव झालं की माणूस सुखी होतो, त्याला पुढे कोणी कारणं विचारत नाही.

ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. नात्याने मी त्यांना काका म्हणायला हवं होतं, पण अख्खा कारखाना त्यांना तोंतों म्हणायचा आणि मीही तेच म्हणायचे. पितों गावाच्या कडेला आमचा कारखाना, आणि तिथून ऊस मोजायच्या काट्यांपर्यंत, शेतातल्या छोट्या कचेऱ्यांपर्यंत जेवढ्या तारा गेल्या होत्या तेवढ्या सांभाळायचं काम त्यांचं. सत्तरीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. मला फ्रेंच बरं बोलता येतं म्हणून ही नोकरी मिळाली असं मोठे साहेब सांगायचे. तोंतोंचं म्हणणं वेगळं होतं. "तुझा कान बरा हाय," ते म्हणायचे. "तोंड काय, सगळ्यांनाच असतं."

स्वतः ते तोंडाचा वापर जपून करायचे. साहेबांशी क्रेओल, म्हणजे आमच्या बेटावरची फ्रेंच वळणाची बोली, खांबांशी मराठी आणि घरी काकीशी मुकाट्याने, असा त्यांचा एकंदर हिशेब होता. खांबांशी ते खरोखरच बोलायचे. ओढ्याकाठच्या खांबाला ते 'म्हातारा' म्हणायचे, चढावरच्या वाकलेल्याला 'कंबरमोड्या'. बिघाड शोधायला निघाले की चपला काढून फाटकाशी ठेवायचे आणि अनवाणी जायचे. वीज पायातून जमिनीत जाते, तिची वाट पायालाच कळते, असं त्यांचं शास्त्र होतं. हे शास्त्र कोणत्या पुस्तकात आहे असं इंजिनियर साहेबाने एकदा हसत विचारलं. तोंतोंनी आपला तळवा वर करून त्याला दाखवला आणि पुढे चालू लागले.

बिघाड झाला की माणसं आवाज ऐकतात. तोंतों शांतता ऐकायचे. माझ्या बोर्डावरचा फोन उचलून, डोळे मिटून दोन-दोन मिनिटं उभे राहायचे आणि मग निकाल द्यायचे. "ही ओली शांतता. कुठंतरी फांदी टेकलीय." किंवा, "ही कापलेली. लॉरीनं तार तोडली." एक शांतता अशी असायची की ते काहीच बोलायचे नाहीत, फोन हळूच जागेवर ठेवायचे. त्या शांततेत पलीकडे कोणीतरी श्वास रोखून बसलेलं असतं, असं त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. दुपारी कारखान्याची घरघर अंगात भिनलेली, खिडकीबाहेर उसाचे तुरे पांढरे होऊन हलताहेत, आणि हा माणूस डोळे मिटून कानाशी रिकामा फोन धरून उभा. मलाही पेंग यायची. जागेपणी स्वप्न पडतं ते असंच काहीतरी असणार.

तारा गुणगुणतात ना वाऱ्याने, त्याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं. "बोललेलं सगळं पोचत नाय पोरी. जे पोचत नाय ते तारेत राहतं." मी हसायचे. त्यांना हसण्याचा राग यायचा नाही.

नवा बोर्ड आला त्या वर्षी त्यांनी माझ्या खिडकीखाली, भिंतीला लागून एक तुळस लावली. "रोज आल्याबरोबर तांब्याभर पाणी घाल. चुकवू नको," एवढंच बजावलं. मला मौज वाटली. गणपतीत सगळा गाव हात जोडून आरतीला उभा असायचा तेव्हा तोंतों मांडवामागे कर्ण्याच्या वायरी हुंगत असायचे. अशा माणसाला एकाएकी तुळस आठवली. मी म्हटलं, "तोंतों, वय झालं वाटतं. देव आठवायला लागला." ते म्हणाले, "कोरेक." कोरेक म्हणजे बरोबर, ठीक. वाद टाळायचा असला की ते हा शब्द वापरायचे. मी रोज पाणी घालायला लागले. तुळस तरारली. पितोंकडे पाऊस बेताचाच, तरी ती कधी सुकली नाही.

आता त्या शनिवारांबद्दल.

त्यांना एकच मुलगी. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, मी तिला दीदी म्हणायचे. नर्सिंग शिकायला ती इंग्लंडला जायची ठरली तेव्हा तोंतोंनी आकाशपाताळ एक केलं. एकुलती एक, आणि एवढा समुद्र ओलांडून. निघायच्या दिवशी ते तिला म्हणाले, "गेलीस तर माझ्याशी बोलू नको." रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण ही मुलगी बापावर गेलेली. तिने शब्द पाळला आणि बापानेही. सहा वर्षं दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत.

गावात कोणाकडे फोन नव्हता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळी आठ ते बाराच्या मधे केव्हातरी, दीदीचा कॉल कारखान्याच्या नंबरावर यायचा. साहेबांनी परवानगी दिली होती. काकी ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्या बाजूच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसायची. तोंतों तिला पोचवायचे, फोन उचलून लाईन बघायचे, "कोरेक" म्हणायचे आणि निघून जायचे.

काकी फोनवर फार मोठ्याने बोलायची. साता समुद्रापलीकडे आवाज जायचा म्हणजे ओरडायलाच हवं, असं तिला वाटत असेल असा माझा समज होता. शिवाय ती सारखी दीदीलाही सांगायची, "मोठ्यानं बोल, मोठ्यानं." मला वाटलं, काकी बहिरी व्हायला लागली.

मग एकदा माझ्या लक्षात आलं. चालू कॉलवर तिसऱ्या कोणी फोन जोडला की आवाज एक पायरी खाली उतरतो. बोर्डावर बसणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. काकी बोलायला लागली की एखाद्या मिनिटात आवाज असा खाली उतरायचा. मी खिडकीतून बघितलं. खांबावर तोंतों, कानाला फोन, डोळे मिटलेले. खाली काकी ओरडून विचारत होती, "जेवतेस का नीट? थंडी लय हाय? मोठ्यानं सांग." ती बहिरी नव्हती. नवऱ्याला वर नीट ऐकू जावं म्हणून तिची सगळी धडपड चालली होती. मी हे कोणालाही सांगितलं नाही.

काकी गेली एका शुक्रवारी, ऑक्टोबरात, ऊसतोडणी जोरात असताना. सकाळी चुलीशी बसली होती ती तशीच कलंडली. सगळं पार पडल्यावर मंडळी म्हणाली, मुलीला तार करा. तोंतों म्हणाले, "असली बातमी तारेनं द्यायची नाय. पुढच्या शनिवारी तिचा फोन येईल, मी सांगतो." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सहा वर्षांचा अबोला सगळ्यांना माहीत होता. पण बापच सांगतो म्हणतोय तर मधे कोण पडणार?

मंगळवारी बोर्डावर भलतंच सुरू झालं.

बोर्डावर दोन मुख्य लाईनी होत्या. एक बाहेरची, म्हणजे सगळ्या जगाची. दुसरी आमची खासगी, थेट पोर्ट लुईसच्या हेड ऑफिसला जाणारी. तोडणीच्या दिवसांत ही खासगी लाईन कामाच्या सगळ्या वेळात जोडून ठेवायची, असा हुकूम होता. किती ऊस आला, किती साखर निघाली, तासातासाला विचारणा व्हायची. मंगळवारपासून असं व्हायला लागलं की हेड ऑफिसची पिन लावली की बाहेरची लाईन मेली. पिन काढली की जिवंत. हेड ऑफिसशी झकास बोलता येतंय आणि बाकीचं जग गायब. बाहेरून कोणी फोन केला तर त्याला घंटा वाजल्यासारखी ऐकू यायची आणि माझ्या बोर्डावर कॉल आल्याची झडप पडायचीच नाही.

हल्ली माझा भाचा घरी बसून ऑफिसचं काम करतो. परवा तोही असाच कावला होता, ऑफिसचं नेटवर्क जोडलं की घरातलं इंटरनेट जातं म्हणून. मी म्हटलं, जमीन ओली आहे का बघ. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोलले नाही.

मी तोंतोंना निरोप पाठवला. सुतकात घरी बसायचं सोडून ते आले. फोन उचलला, डोळे मिटून ऐकलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. निकाल काही दिला नाही. चपला काढल्या आणि खांब बघायला निघाले.

मंगळवारी ओढ्यापर्यंतचे खांब झाले, बुधवारी चढावरचे, गुरुवारी पार हमरस्त्यापर्यंतचे. खिडकीतून ते मला दिसायचे. तोडलेल्या उसाच्या मोकळ्या रानात, धुळीने लाल झालेल्या हवेत, एक अनवाणी माणूस खांबाला कपाळ टेकून उभा आहे, मग पुढच्या खांबाकडे चालला आहे. कुठे घाई नाही. बघता बघता वाटायचं की हा माणूस बिघाड शोधत नाहीच, नुसता चालतोय.

शुक्रवारी माझा धीर सुटला. "तोंतों, उद्या शनिवार. दीदीचा कॉल आठ ते बारा केव्हाही येईल. मी सकाळभर हेड ऑफिसची पिन काढून ठेवते. नोकरी गेली तर गेली."

"नाय," ते म्हणाले. "एक लाईन तोडून दुसरी जोडायची नसते."

"मग तिला काय कळायचं? घंटा वाजत राहील नि कोणी उचलणार नाही. तिच्या जिवाला घोर लागेल."

त्यांनी चपला घातल्या आणि घरी गेले. मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला.

शनिवारी आठच्या आधी ते हजर. हातात पाण्याने भरलेला डबा. आत न येता खिडकीखाली उभे राहिले आणि विचारलं, "तुळशीला पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही. सुतक आहे ना. मलाही आहे, आपली भावकी एकच." खिडकीतून वाकून बघितलं तर तुळस पार मान टाकून बसलेली. आठ दिवसांत मी तिच्याकडे फिरकले नव्हते. सुतकात तुळशीला हात लावायचा नसतो, हे कोणाला सांगावं लागत नाही.

तोंतों उकिडवे बसले. तुळशीच्या मुळाशी बोटाने माती उकरली. माती भुकटी झाली होती. वीतभर खाली तांब्याची जाड सळी चमकली, अर्थिंगची.

"दोन लाईनींना जमिनीत दोन सळ्या पायजेत," ते म्हणाले. "साहेबानं एकच दिली. जमीन ओली असली तर दोघींचं भागतं. सुकली की एक लाईन दुसरीला खाते. सळीला रोज पाणी घाल म्हणालो असतो तर घातलं असतंस?"

"चार दिवस घातलं असतं," मी खरं ते सांगितलं.

"म्हणून तुळस लावली."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते बावळटासाठी. या माणसाला तर कळसा आपल्याच काखेत आहे हे पक्कं ठाऊक होतं.

"तुम्हाला मंगळवारीच माहीत होतं," मी म्हणाले.

"मंगळवारी कशाला? सळी ठोकली तवापासनं."

"मग चार दिवस खांब कसले बघत होता?"

ते उसाकडे बघत राहिले.

"ती आईला मागंल," ते म्हणाले. "मी काय देऊ?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या नाही. त्यांनी डबा उचलला. मी सवयीने म्हणून गेले, "तोंतों, सुतक."

"वरची तुळस हाय, तिला मी शिवत नाय. खालच्याला घालतो." आणि खरंच, एका हाताने फांद्यांना न लागता, त्यांनी धार नेमकी सळीवर धरली. माती फसफसली. दोन डबे ओतले, तिसरा आणला. मग म्हणाले, "बघ."

मी हेड ऑफिसची पिन लावली. बाहेरची लाईन उचलली. सूर आला, स्वच्छ, अखंड. "कोरेक," मी म्हणाले.

"मी वर जातो," ते म्हणाले.

"वर कशाला? आत या. इथे बसून बोला."

त्यांनी खिडकीतून वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. "तिथं ती बसायची. मला वरनंच सवय हाय."

"मला माहीत आहे."

"तुझा कान बरा हाय म्हटलं ना मी," असं म्हणून ते फाटकाकडे गेले.

सव्वादहाला बाहेरची झडप पडली. एक्सचेंजमधली बाई म्हणाली, लंडन. मग तो दूरचा सूं सूं आवाज, ज्यात नेहमी समुद्र असल्यासारखं वाटायचं, आणि त्यातून दीदी. "हॅलो? आई?"

मी खिडकीतून बघितलं. खांबावर ते होते, फोन कानाला. आवाज एक पायरी खाली उतरला होता. म्हणजे ते जोडलेले होते, ऐकत होते. बोलत नव्हते.

"आई? मोठ्यानं बोलू का?" दीदीने विचारलं. पुन्हा ती शांतता. कोणीतरी श्वास रोखून बसलेलं असतं ती. ती तीन ठिकाणी होती, लंडनला, माझ्या कचेरीत आणि खांबावर, आणि तिघांनाही ऐकू येत होती. मग दीदीचा आवाज बदलला. हळू झाला.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही वर हाव ना?"

तिलाही माहीत होतं. सहा वर्षं ती कोणासाठी मोठ्याने बोलत होती, ते मला त्या क्षणी कळलं.

"हाय," खांबावरून आवाज आला. खरखरीत, वापरात नसलेला. "मी हाय, पोरी. आई नाय."

मी कानावरचा फोन काढून ठेवला. पुढचं माझ्यासाठी नव्हतं. हेड ऑफिसची झडप पडली, पुन्हा पडली. पोर्ट लुईसला कुठल्यातरी टनांचा आकडा हवा होता. मी तिच्यावर बोट दाबून धरलं. बाहेर तोंतोंनी कपाळ खांबाला टेकवलं होतं, आणि त्यांचे ओठ हलत होते. फार वेळ हलत होते.

उसाची एक लॉरी फाटकाशी थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "कि पोझिस्यों, तोंतों? लाईन बघताव?"

तोंतोंनी हात हलवला नाही. फोन छातीशी धरून ते खाली वाकले आणि म्हणाले, "मो तिफी." माझी मुलगी. ड्रायव्हरला नीट ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, काकी बोलायची तेवढ्या मोठ्याने. "माझी मुलगी हाय लाईनीवर. मुलीशी बोलतोय."

मी उठले आणि खिडकी लावून घेतली.